झोपेतही एकशे सहा

मलिंगार
२३ ऑक्टोबर २०२०

सारंग,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी एक काम कर. उद्या सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोज. आकडा लिहून ठेव. दुपारी ऑफिसचा कॉल संपला की पुन्हा मोज. संध्याकाळी घरातल्या घरात चार फेऱ्या मारून पुन्हा. जिना चढून बघू नकोस, आणि धावू तर अजिबात नकोस. तीन आकडे वेगवेगळे आले तर माझं काही म्हणणं नाही. सारखेच आले तर हॉस्पिटलात जा आणि ईसीजी काढून घे. मला नाही कळवलंस तरी चालेल.

परवा इथे एक पेशंट आली होती, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेली. तिच्यावरून तुझी आठवण झाली, म्हणून लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही.

सहा वर्षांनी लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं आहेस. कागदाला ब्लॉक करता येत नाही.

परवापासून पुन्हा सगळं बंद झालं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. तुझं ॲडम्सटाउन इथून सत्तर. मी आयर्लंडला आले त्याला तीन वर्षं झाली. एवढे दिवस रस्ता मोकळा होता तेव्हा आले नाही, आणि आता बंद झाला तर रोज फोनवर नकाशा उघडून बघते.

आईला मी सांगत असते की आपण महिन्यातून एकदा भेटतो. तिने विचारलं तर सांभाळून घे.

तिसऱ्या मजल्यावर जाताना लिफ्टच वापर.

ताई


मलिंगार
३० ऑक्टोबर २०२०

सारंग,

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. पेशंटवरून आठवण झाली नव्हती. तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस हे मला कसं ठाऊक, हा प्रश्न तुला पडलाच असेल.

उपेंद्रने फोन केला होता. एका घरात राहणाऱ्या मित्रावर रागावू नकोस. त्याने नाशिकला आईला फोन करून, तिला काही कळू न देता, माझा नंबर घेतला. म्हणाला, "यामिनीताई, तुम्ही मला ओळखत नाही. सारंग दोन महिन्यांपासून पायऱ्या चढताना दोनदा थांबतो. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, फोनवरच बोलून सांगितलं की एंग्झायटी आहे, सगळ्यांनाच आहे सध्या. पण त्याच्या घड्याळात मला एक विचित्र दिसलं. मीटिंगमध्ये एकशे सहा. जेवताना एकशे सहा. झोपेतही एकशे सहा. एकशे पाच नाही, एकशे सात नाही. असं असतं का?"

मी वॉर्डच्या पॅसेजमध्ये उभी होते. खिशातल्या पेशंटांच्या यादीवर तीनदा एकशे सहा लिहिलं.

असं नसतं. माणूस घाबरला की नाडी वाढते, निवांत झाला की उतरते, झोपला की आणखी उतरते. काळजीमुळे धावणारी नाडी झोपेत तरी थांबते. न हलणारी नाडी मनाची नसते.

तुझ्या ऑपरेशनचं तुला फारसं आठवत नसेल, तू पाच वर्षांचा होतास. हृदयात भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती, म्हणून रडलास की तुझे ओठ निळे पडायचे. मुंबईच्या डॉक्टरांनी उजवी कर्णिका, हृदयाचा वरचा कप्पा, उघडली, आतलं सगळं दुरुस्त केलं आणि पुन्हा शिवून टाकलं. त्या शिवणीचा आता व्रण झालाय. व्रणातून वीज जात नाही, त्याला वळसा घालून जाते. कधी कधी ती वळसाच घालत राहते, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. मिनिटाला दोनशे बारा फेऱ्या. खालचे कप्पे दर दोन फेऱ्यांना एक ठोका देतात. म्हणून एकशे सहा.

याला फ्लटर म्हणतात. नेहमीचा फ्लटर ईसीजीवर करवतीच्या दातांसारखा दिसतो, विद्यार्थीसुद्धा ओळखतात. ऑपरेशन झालेल्या हृदयातला वेगळा असतो. सावकाश फिरतो आणि साध्या जलद नाडीचं सोंग घेतो. भीती याची की एखाद्या दिवशी खालचे कप्पे प्रत्येक फेरीला ठोका द्यायला लागतात. मग नाडी दोनशे बारा होते, आणि माणूस कोसळतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एप्रिलमध्ये, मलिंगारला यायच्या आधीच्या नोकरीत, एक शेतकरी बाई आल्या होत्या. त्यांना नोरा म्हणू. लहानपणीचं तुझ्यासारखंच ऑपरेशन. नाडी एकशे दहा, धाप. तेव्हा डोळ्यांपुढे कोविडशिवाय काही दिसत नव्हतं. टेस्ट निगेटिव्ह आली आणि मी कागदावर लिहिलं, "घाबरलेल्या आहेत, घरी जाऊ द्या." चार दिवसांनी गोठ्यात पडल्या. वाचल्या, पण माझ्यामुळे नाही. त्यांचा पहिला ईसीजी मी नंतर काढून पाहिला. सगळं त्यात होतं. मी बघितलं नव्हतं.

उपेंद्र सांगतो, माझं पत्र तू किचनच्या प्रेसमध्ये, चहाच्या डब्यामागे ठेवलं आहेस. कपाटाला तुम्ही दोघं प्रेस म्हणायला लागलात तर. फाडलं नाहीस, हे मला पुरे आहे.

ताई


मलिंगार
४ नोव्हेंबर २०२०

सारंग,

ईसीजी काढलास, बरं केलंस. मशीनने वर छापलं, साधी जलद नाडी, बाकी काही नाही, आणि क्लिनिकमधल्या मुलीने "यू'र ग्रँड", ठणठणीत आहेस, म्हणून घरी पाठवलं. उपेंद्रने कागदाचा फोटो मला पाठवला. तुला न विचारता पाठवला. तू टेबलावर ठेवून आंघोळीला गेला होतास.

मी तो प्रिंट केला आणि कंपास घेऊन बसले. दर ठोक्याच्या आधी कर्णिकेची एक छोटी लाट दिसते, ती सगळ्यांना दिसते. मशीनलाही दिसली. पण दोन लाटांच्या बरोबर मध्यावर आणखी एक लाट आहे. ती ठोक्यानंतरच्या मोठ्या उंचवट्यात लपली आहे, म्हणून तो उंचवटा जरा टोकदार झालाय. एवढंच. मी बाराच्या बारा पट्ट्या मोजल्या. सगळीकडे मध्यावरच.

तुझा २०१४ चा ईसीजी माझ्याकडे आहे. तेव्हा तो उंचवटा गोल होता.

मी तुझी बहीण आहे, तुझ्यावर उपचार करायचा मला अधिकार नाही. म्हणून डब्लिनमध्ये डॉक्टर फिनेगन आहेत त्यांना फोन केला. जन्मापासून हृदयाचा दोष असलेल्या मोठ्या माणसांना बघणारं त्यांचं खातं आहे. त्या म्हणाल्या, "पाठवून दे, मी बघते." तू फक्त हो म्हण. फार काही नसतं रे. झोपेचं इंजेक्शन देतात, एक शॉक देतात, लय जागेवर येते. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी घरी.

उत्तराची वाट बघते.

ताई


मलिंगार
९ नोव्हेंबर २०२०

सारंग,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांत तुझं अक्षर बदललं नाही, अजून "र" तसाच काढतोस. पाकीट उघडायच्या आधी बराच वेळ नुसता पत्ता वाचत बसले होते.

आत तीन ओळी. "तू मुक्ताला सांगितलं होतंस की मी चाळिशी बघणार नाही. अडतीस पूर्ण झाली. तू सांगितलेली वेळ जवळ आली आहे, एवढंच. आता लाटा मोजून काय करायचं?"

सहा वर्षं मला वाटत होतं की तुझा राग मी तुझं आणि मुक्ताचं लग्न मोडलं याचा आहे. तू ते वाक्य खरं धरून जगतो आहेस, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घर घेतलं नाहीस, कुणाला जवळ येऊ दिलं नाहीस, धाप लागली तरी दोन महिने डॉक्टरला नुसता फोन करून थांबलास. मी म्हटलं म्हणून.

आता जे लिहिते ते नीट वाच.

मार्च २०१४. मुक्ता मला भेटायला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आली होती. तुला न सांगता आली होती, पण लपवायला नाही, समजून घ्यायला. म्हणाली, "ताई, मी लग्न त्याच्याशीच करणार आहे. फक्त मला खरं सांगा, पुढे काय काय लागेल, म्हणजे मी तयारीत राहीन." चांगली मुलगी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "चाळिशी बघेल असं मला वाटत नाही." ती म्हणाली, "डॉक्टर म्हणून सांगताय?" मी म्हटलं, "हो."

त्याच्या तीन आठवडे आधी तुझा एको झाला होता. माझ्याच सरांनी केला. मला बोलावून स्क्रीन दाखवला आणि म्हणाले, "फार सुंदर काम केलंय त्या सर्जनने. झडप थोडी गळते, पुढे कधीतरी बदलावी लागेल. बाकी हा मुलगा म्हातारा होईल." तो रिपोर्ट मी तुला दिला. त्यांचं वाक्य दिलं नाही.

म्हणजे मी चुकले नव्हते, सारंग. चूक वेगळी. मला माहीत होतं आणि मी उलटं सांगितलं.

का, ते सांगायचा प्रयत्न करते. बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची, तू बारा. तेव्हापासून तुझ्या गोळ्या, तुझे दाखले, तुझ्या शाळेत पीटीच्या सरांना समजावणं, सगळं माझ्याकडे. मी डॉक्टर झाले तीही तुझ्यासाठी, असं सगळे म्हणायचे आणि मला ते आवडायचं. मुक्ता कँटीनमध्ये वही उघडून बसली होती, औषधांची नावं लिहून घ्यायला. ती वही बघून मला कळलं की आता हे काम तिचं. मला दुसरं काही येत नव्हतं. तू घरातून जाऊ नयेस म्हणून मी बोलले, आणि तू देशच सोडून गेलास.

मी आयर्लंडला आले ते ट्रेनिंगसाठी, असं सगळ्यांना सांगते. सौदीचीही ऑफर होती.

तेव्हा माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणूच शकत नाही. नको ठेवूस. तो ईसीजी कुठल्याही हॉस्पिटलात, कुठल्याही अनोळखी डॉक्टरपुढे ठेव आणि एकच प्रश्न विचार: "या दोन लाटांच्या मध्ये तिसरी लपली आहे का?" माझं नाव घेऊ नकोस. ते नाही म्हणाले तर मी पुन्हा कधी लिहिणार नाही.

पण चाळिशीचं वाक्य खोटं होतं. ते मी बनवलं होतं. ते आजच्या आज मनातून काढून टाक.

यामिनी


मलिंगार
१६ नोव्हेंबर २०२०, भाऊबीज

सारंग,

उपेंद्रकडून सगळं कळलं. तू स्वतः बॅग भरून गेलास, आणि इमर्जन्सीत त्या तरुण डॉक्टरला तो प्रश्न विचारलास. तो म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि तू म्हणालास, "वाचलं कुठेतरी." बरोबर बोललास.

लपलेल्या लाटा दिसाव्यात म्हणून ठोके थांबवणारं इंजेक्शन दिलं तेव्हा काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. काही सेकंद खालचे कप्पे थांबतात. पेशंट सांगतात की मरण आलं असं वाटतं. पण त्या थांबलेल्या पट्टीवर लपलेल्या लाटा एकामागून एक चालत जाताना दिसतात. तुझ्याही दिसल्या. दोनशे बारा.

पुढचं मात्र मला हादरवून गेलं. तिथून तुला डॉक्टर फिनेगनकडेच पाठवलं, शॉक देण्याआधी त्यांनी घशातून नळी घालून आतून एको केला, आणि कर्णिकेच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी सापडली. मी तुला लिहिलं होतं, दोन मिनिटांचं काम. माझं ऐकून कुणी घाईने शॉक दिला असता तर ती गुठळी सुटून मेंदूत गेली असती. दोन महिने न हलणारी नाडी म्हणजे साचलेलं रक्त, हे मला सुचायला हवं होतं. तुझ्या बाबतीत मला नीट दिसतच नाही, कधी दिसलंच नाही.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठोके थोडे कमी करायच्या गोळ्या, आणि वाट बघणं. किमान दोन महिने. एकही गोळी चुकवू नकोस. हृदय थोडं थकलंय असं त्या म्हणाल्या. लय सुधारली की तेही सुधारतं.

कुणाला भेटू देत नाहीत, आणि मी आज ड्युटीवर आहे, तेव्हा येणं शक्यच नव्हतं. उपेंद्रने लाडू पोहोचवले असतील. फार गोड झालेत, माझा हात अजून तसाच आहे.

इथून ओवाळते.

ताई


मलिंगार
२७ जानेवारी २०२१

सारंग,

हे तीन आठवडे कसे गेले ते लिहिता येणार नाही. वॉर्डात जागा नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये व्हेंटिलेटर लावलेत. तुझी तपासणी पुढे ढकलली हे कळलं. डब्लिनला दोष देता येत नाही, इथे आम्हीही सगळ्यांना तेच सांगतोय.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुझा मेसेज आला. नुसता आकडा. "१०२." मला ब्लॉकमधून काढलंस हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "१०२." मग "९९." मी उत्तरादाखल काही लिहिलं तर तू थांबशील या भीतीने काहीच लिहीत नाही. ड्युटीचा तो सगळा वेष चढवण्याआधी फोन बघते, आकडा बघते, मग आत जाते. बाकीच्या दिवसात कुणाचं काय होईल ते सांगता येत नाही. तुझा आकडा आला म्हणजे तू उठलास, घड्याळ बघितलंस आणि माझा नंबर काढलास. माझ्या नावाने रोज एक मिनिट.

एक सांगायचं राहिलं. भाऊबीजेला मी ड्युटीवर नव्हते. लाडू उपेंद्रने आणले नव्हते, मी आणले होते. वाटेत नाकाबंदी होती. पोलीस गार्डाने काच खाली करायला सांगितली. गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड होतं, ड्युटीवर चाललेय म्हटलं असतं तर सोडलं असतं.

"कुठे निघालात?"

"भावाकडे. तो हॉस्पिटलात आहे."

"भेटू देत नाहीत हल्ली."

"माहीत आहे मला."

"मग जाऊन काय करणार?"

"तेही माहीत नाही."

त्याने शेजारच्या सीटवरचा डबा बघितला. मग म्हणाला, "जा. जपून चालवा."

डबा खाली रिसेप्शनला उपेंद्रच्या नावाने दिला. मग पार्किंगमध्ये दोन तास बसून होते. चौथा मजला एवढंच माहीत होतं. अकरा खिडक्या मोजल्या. त्यातली तुझी कुठली ते काही कळलं नाही, म्हणून सगळ्यांकडे बघत बसले.

ताई


मलिंगार
११ फेब्रुवारी २०२१

सारंग,

काल सकाळी आकडा आला नाही.

सात दहा झाले, साडेसात झाले. मी उपेंद्रला फोन केला, त्याने उचलला नाही. राउंड सुरू झाला. पेशंटपुढे उभी राहून मी कुणाचा तरी पोटॅशियम वाचत होते आणि डोक्यात दोनशे बारा. अकराला कन्सल्टंटना सांगून बाहेर आले आणि लिननच्या खोलीत जाऊन फोन हातात धरून उभी राहिले.

अकरा चाळीसला तुझा मेसेज. "६८."

आणि खाली, पहिल्यांदाच, अक्षरं. "गुठळी गेली. शॉक दिला. सकाळी फोन काढून घेतला होता."

मी चादरींच्या ढिगावर बसून रडले. नर्स आत आली, बघून दार लोटून गेली. इथली माणसं अशा वेळी काही विचारत नाहीत, आणि नंतर टेबलावर चहा ठेवलेला असतो.

हे टिकेलच असं नाही, तेवढं मनात ठेव. शॉकने वीज थांबते. व्रण तिथेच राहतो. पण आजचा दिवस अडुसष्टचा आहे.

ताई


मलिंगार
३० एप्रिल २०२१

सारंग,

तू आता ग्लानीत असशील, म्हणून लिहून ठेवते. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर सांगतील ते अर्धं कानावरून जातं.

सतरा दिवसच टिकलं होतं ते अडुसष्ट. मग पुन्हा एकशे सहा, पुन्हा वाट बघणं, आणि काल शेवटी अब्लेशन, म्हणजे ती फिरती वाट जाळून तोडणं. मी घरी होते, मुद्दाम रजा घेतली होती. तुला कळवलं नव्हतं, मला कुणी फोन करेल अशी अपेक्षाही नव्हती. उपेंद्र सांगेल म्हणून त्याच्या फोनची वाट बघत होते. नाशिकला आईचा श्वास ठीक आहे ना, एवढं विचारण्यापुरता तिला फोन केला. तिच्या गल्लीत तीन घरांत कोविड आहे. तुझं तिला काहीच सांगितलं नाही.

दुपारी साडेतीनला डब्लिनचा नंबर. बाईंनी माझं नाव विचारलं. मी म्हटलं, "मी त्याची बहीण आहे, पण तुम्ही बहुतेक उपेंद्रला..." त्या म्हणाल्या, "नाही, फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तुमचंच नाव आहे. गेल्या नोव्हेंबरपासून आहे."

गेल्या नोव्हेंबरपासून. म्हणजे मी माझं पाप लिहून पाठवलं त्याच आठवड्यात तू तो फॉर्म भरलास. आणि मला सांगितलं नाहीस.

मग फिनेगन स्वतः बोलल्या. सहा तास लागले. आत बारीक तारा फिरवून त्यांनी कर्णिकेचा रंगीत नकाशा काढला. वीज शिवणीभोवतीच फिरत होती, चौतीस वर्षांपूर्वीच्या टाक्यांभोवती. शिवणीपासून खालच्या मोठ्या शिरेपर्यंत त्यांनी जाळून एक रेघ ओढली. फेरी तुटली. सगळे खूश होणार तेवढ्यात नाडी पुन्हा धावू लागली, थोड्या वेगळ्या वेगाने. दुसरी वाट होती, झडपेजवळची, नेहमीच्या फ्लटरची. पहिलीच्या आड दबून बसली होती. तीही त्यांनी तोडली. मग अर्धा तास नाना तऱ्हांनी डिवचून बघितलं. पुन्हा सुरू झाली नाही.

मी विचारलं, "परत येईल का?"

त्या म्हणाल्या, "येऊ शकते. अशा हृदयांत दरवाजा कायमचा बंद झाला असं मी कुणाला सांगत नाही. झडपही दोन-तीन वर्षांत बदलावी लागेल. पण त्याने मला काल विचारलं की तो पन्नाशी बघेल का. मी म्हटलं, मला तर तू निवृत्त होताना दिसतोस. तो बराच वेळ हसत होता. मला वाटलं मी काही चुकीचं बोलले की काय."

नाही, त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत.

ताई


मलिंगार
२४ मे २०२१

सारंग,

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तुझ्याकडून परतताना सबंध रस्ता तुझं बोलणं डोक्यात होतं.

दार उघडलंस तेव्हा मी तुला एकदम ओळखलं नाही. केस पिकलेत तुझे. तू म्हणालास, "आत ये, बूट असू देत." सात वर्षांनी भावाने बहिणीला म्हटलेलं पहिलं वाक्य. मी तरीही बूट काढले.

मग पार्कात फिरायला गेलो. तू पुढे, मी मागे, आणि दम मला लागत होता. बाकावर बसलो. मी ठरवून आले होते की क्षमा मागायची. तू मला बोलूच दिलं नाहीस.

"मुक्ताला सांगितलंस का कधी?"

"काय?"

"जे मला लिहिलंस ते."

"नाही. आता कशाला? तिचं लग्न झालंय, मुलगी आहे."

"दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तिची मेल येते. एकच ओळ. 'बरा आहेस ना?' मी एकदाही उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, ती बघते आहे, हा अजून आहे की गेला. आता कळतं ताई. ती सात वर्षं समजते आहे की मरणाऱ्या माणसाला सोडून ती निघून गेली. तुझ्या त्या वाक्यापायी मी घर घेतलं नाही. तिच्यावर काय ओझं असेल?"

मला तुझं दुःख दिसलं होतं, माझं तर केव्हाच दिसलं होतं. तिसरं माणूस मी कधी मोजलंच नव्हतं.

"लिही तिला," तू म्हणालास. "आणि मला दाखवू नकोस. माझ्याकडून शाबासकी मिळावी म्हणून लिहू नकोस."

परत फिरताना मी विचारलं, "माझ्यावरचा राग गेला का?" तू खरं बोललास. "नाही. पण तू नसताना तो काही कमी होत नव्हता."

आठवडाभर लिहीत होते. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बंद पडलेत, सगळे रिपोर्ट हाताने लिहितोय, त्यामुळे बोटं दुखतात. घरी येऊन पुन्हा कागद घ्यायचा. पाच मसुदे फाडले. प्रत्येकात मी कुठेतरी स्वतःला सोडवून घेत होते. सहाव्यात फक्त घडलं ते लिहिलं: कँटीन, तिची वही, सरांचं वाक्य, माझं वाक्य. आणि तू बरा आहेस, हे. काल सकाळी पाठवलं. उत्तर आलेलं नाही. ते येवो न येवो, ती आता तिच्या घरात तेवढं तरी मोकळं चालेल.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. रविवारी येईन तेव्हा हातात देईन. तू वाचशील तोवर मी समोरच बसलेली असेन, आणि तुला जे म्हणायचं असेल ते ऐकून मगच उठेन.

ताई